एअर रायफल घेतलीस, आता पेलेटकडे नीट बघ

भावा, रायफलवर एवढा खर्च केलास आणि पेलेट (छर्रे) मात्र मिळेल ते स्वस्तातलं, असं नको करू. १० मीटरला टार्गेटवरचा दहा गुणांचा ठिपका फक्त ०.५ मिमीचा असतो, तिथं सगळा फरक दिसतो. ४.५ मिमीचे सपाट तोंडाचेच घे, कागदाला स्वच्छ गोल भोक पडतं, टोकदारवाले कागद फाडतात आणि मग गुण मोजताना वाद. दोन-तीन ब्रँडचे, हेड साइज (तोंडाचा व्यास) ४.४९ आणि ४.५० मिमी असे थोडे थोडे आण, रायफल क्लॅम्पला लावून प्रत्येकाचे दहा-दहा शॉट मार आणि ज्याचा ग्रुप, म्हणजे भोकांचा पुंजका, सगळ्यात घट्ट येईल त्याच बॅचचे डबे एकदम उचल, कारण नाव तेच असलं तरी पुढच्या बॅचला ग्रुप बदलू शकतो. नाशकात नाही मिळालं तर मुंबई-पुण्याला जाणाऱ्या कुणाला तरी सांगून ठेव.

शिसं मऊ असतं रे, डबा बॅगेत आपटला की मागची पातळ कड चेपते, म्हणून भरायच्या आधी प्रत्येक पेलेट बोटांत फिरवून बघायचं, चेपलेलं सरळ बाजूला.

आणि हे मात्र खरंच मनावर घे, शिसं पोटात जाऊ नये म्हणून रेंजवरून निघाल्यावर साबणाने हात धुतल्याशिवाय मिसळीला हात लावायचा नाही, घरात लहान मुलं असतील तर डबा वरच्या फळीवर.