रग्बीतला ‘आयर्लंड’ हा संघ कोणत्या देशाचा?

प्रश्न : फुटबॉलमध्ये ‘आयर्लंड प्रजासत्ताक’ आणि ‘उत्तर आयर्लंड’ असे दोन संघ खेळताना दिसतात, पण रग्बीत मात्र ‘आयर्लंड’ हा एकच संघ आहे. या संघाचा एक माजी कर्णधार रोरी बेस्ट उत्तर आयर्लंडचा, म्हणजे युनायटेड किंग्डमच्या भूभागातला असल्याचे मी वाचले. मग हा संघ राष्ट्रीय म्हणायचा तो कोणत्या राष्ट्राचा, आणि लेखात त्याचे अचूक नाव काय लिहावे?

उत्तर : नाव ‘आयर्लंड’ एवढेच लिहावे. ‘आयर्लंड प्रजासत्ताक’ असे लिहिणे ही सरळसरळ चूक आहे आणि ‘संयुक्त आयर्लंड’ असे लिहिल्यास नसलेला राजकीय अर्थ चिकटतो. हा संघ कोणत्याही एका राज्याचा नसून संपूर्ण बेटाचा आहे. त्याचे नाव त्या बेटावरच्या सीमेपेक्षा जुने आहे, आणि सगळा उलगडा याच गोष्टीत आहे.

१८७४-७५ च्या हिवाळ्यात तेथे रग्बीच्या दोन स्वतंत्र संघटना होत्या, एक डब्लिनची आणि दुसरी बेलफास्टची. १५ फेब्रुवारी १८७५ रोजी लंडनच्या ओव्हल मैदानावर आयर्लंडचा संघ इंग्लंडविरुद्ध पहिला आंतरराष्ट्रीय सामना खेळला. त्या वेळच्या रिवाजाप्रमाणे प्रत्येक बाजूला वीस खेळाडू होते. १८७९ मध्ये दोन्ही संघटनांनी एकत्र येण्याचे ठरवले आणि आजची ‘आयरिश रग्बी फुटबॉल युनियन’ उभी राहिली. बेटाची फाळणी १९२१ मध्ये झाली : उत्तर आयर्लंड युनायटेड किंग्डममध्ये राहिले आणि उरलेला भाग वेगळे राज्य झाला. त्यामुळे फाळणीनंतर रग्बीच्या संघाला नवे नाव शोधायचे नव्हते, असलेले नाव ठेवायचे की सोडायचे एवढेच ठरवायचे होते. युनियनने ते ठेवले.

हे सोपे गेले, याचे एक कारण संघटनेच्या बांधणीत आहे. युनियनचा कारभार लेन्स्टर, मन्स्टर, कॉनाक्ट आणि अल्स्टर या चार ऐतिहासिक प्रांतांच्या शाखांमधून चालतो. यातल्या अल्स्टर प्रांतात नऊ काउंट्या येतात. फाळणीच्या वेळी त्यांपैकी सहा उत्तर आयर्लंडमध्ये गेल्या, तर कॅव्हन, डोनेगाल आणि मोनाहन या तीन दक्षिणेकडे राहिल्या. म्हणजे नवी सीमा रग्बीच्या दोन शाखांमधून गेली नाही, ती एकाच शाखेच्या पोटातून गेली. संघटना सीमेप्रमाणे कापायची म्हटली असती, तर आधी अल्स्टरचेच दोन तुकडे करावे लागले असते. म्हणूनच रग्बीच्या लिखाणात ‘अल्स्टर’ हा शब्द ‘उत्तर आयर्लंड’ला पर्याय म्हणून वापरू नये, असा माझा आग्रह आहे. इतर ठिकाणी तो सर्रास वापरला जातो, पण येथे तो फसवतो.

फुटबॉलचे मात्र उलट झाले. बेलफास्टमधील संघटना १८८२ पासून संपूर्ण बेटाचा संघ निवडत होती. १९२१ मध्ये डब्लिनच्या मंडळींनी वेगळी चूल मांडली आणि पुढे कित्येक वर्षे दोन्ही संघटना आपापल्या संघाला ‘आयर्लंड’च म्हणत राहिल्या. काही खेळाडू तर दोन्ही ‘आयर्लंड’कडून खेळले. अखेर १९५० च्या दशकात जागतिक फुटबॉल महासंघाला मध्ये पडावे लागले आणि आज आपल्याला दिसणारी दोन वेगळी नावे रूढ झाली. नावाचा वाद तेथे पेटला तो संघ दोन आणि नाव एक, अशी अवस्था झाली म्हणून. रग्बीत संघ एकच राहिल्याने नावावर दुसऱ्या कोणाचा दावा उरलाच नाही.

घोटाळ्यात भर घालणारी आणखी एक गोष्ट सांगायला हवी. दक्षिणेकडील राज्याच्या १९३७ च्या घटनेतील चौथ्या कलमानुसार त्या राज्याचे नाव आयरिशमध्ये ‘एर’ आणि इंग्रजीत ‘आयर्लंड’ असेच आहे. ‘आयर्लंड प्रजासत्ताक’ हे १९४८ च्या कायद्याने ठरवलेले वर्णन आहे, नाव नव्हे. त्यामुळे ‘आयर्लंड’ या एकाच शब्दाने कधी बेट, कधी राज्य, तर कधी हा संघ सूचित होतो आणि कोणता अर्थ घ्यायचा ते संदर्भावरूनच ठरवावे लागते. क्रिकेटमध्येही हेच आहे. मे २०१८ मध्ये मालाहाइड येथे आयर्लंडने पाकिस्तानविरुद्ध पहिली कसोटी खेळली, तेव्हा कर्णधार विल्यम पोर्टरफील्ड उत्तर आयर्लंडचा होता आणि शतक झळकावणारा केव्हिन ओब्रायन डब्लिनचा.

प्रश्न : नाव एक ठेवता आले हे पटले, पण मग ध्वज आणि राष्ट्रगीत कोणाचे?

उत्तर : खरी परीक्षा येथेच झाली. नाव टिकले, कारण त्याच्याभोवतीच्या प्रत्येक गोष्टीत कोणी ना कोणी माघार घेतली, असे मला वाटते आणि मला त्या मंडळींबद्दल आदर वाटतो.

ध्वजाचा विचार युनियनने लवकर केला. १९२५ मध्ये तिने चार प्रांतांची मानचिन्हे असलेला स्वतःचा ध्वज तयार केला. तो नीट पाहण्यासारखा आहे : लेन्स्टरची हिरव्यावरची सोनेरी वीणा, मन्स्टरचे निळ्यावरचे तीन मुकुट, कॉनाक्टचा अर्धा गरुड आणि तलवार धरलेला हात, आणि अल्स्टरचा लाल पंजा. त्यात दोन्हींपैकी कोणत्याही राज्याचे चिन्ह नाही. पुढे १९३२ पासून डब्लिनमधील सामन्यांना त्याच्यासोबत तेथील राज्याचा हिरवा, पांढरा आणि नारिंगी उभ्या पट्ट्यांचा ध्वजही फडकू लागला. वर्तमानपत्रांच्या गुणतक्त्यांत या संघाच्या नावापुढे केवळ तोच ध्वज छापला जातो तेव्हा मला खटकते, कारण संघातल्या काही खेळाडूंचा तो ध्वज नसतो.

गीताचा प्रश्न अधिक नाजूक होता. १९५४ पर्यंत आयर्लंडचे काही घरचे सामने बेलफास्टच्या रेव्हनहिल मैदानावर होत आणि तेथे ब्रिटिश राष्ट्रगीत वाजत असे. त्या वर्षी स्कॉटलंडविरुद्धच्या सामन्यापूर्वी दक्षिणेकडील खेळाडूंनी आपण त्या गीताला उभे राहणार नसल्याचे कळवले. त्या दिवशी समजूत काढून वेळ निभावून नेण्यात आली, पण त्यानंतर आयर्लंडच्या मुख्य संघाचा सामना बेलफास्टमध्ये झाला तो थेट २००७ मध्ये, इटलीविरुद्ध. पन्नासहून अधिक वर्षे उत्तरेकडच्या प्रेक्षकांना आपल्या संघासाठी डब्लिनला जावे लागले. एका नावासाठी मोजलेली ही किंमत लहान नाही.

त्याहून जड किंमत एका खेळाडूने मोजली. एप्रिल १९८७ मध्ये अल्स्टरचे नायजेल कार, डेव्हिड अर्विन आणि फिलिप रेनी हे तिघे एका मोटारीतून संघाच्या सरावासाठी डब्लिनकडे निघाले होते. सीमेजवळच्या रस्त्यावर न्यायाधीश मॉरिस गिब्सन यांना लक्ष्य करून आयआरए (आयरिश रिपब्लिकन आर्मी) या सशस्त्र संघटनेने बॉम्बस्फोट घडवला. त्यात न्यायाधीश आणि त्यांच्या पत्नी ठार झाल्या आणि समोरून जाणारी खेळाडूंची मोटारही सापडली. कार यांच्या दुखापती इतक्या गंभीर होत्या की त्यांची कारकीर्द तेथेच संपली. पहिला विश्वचषक महिन्याभरावर आला होता. त्या विश्वचषकात कोणतेही राष्ट्रगीत सर्वांना चालण्यासारखे नव्हते, म्हणून संघासाठी ‘द रोझ ऑफ ट्रली’ हे जुने प्रेमगीत वाजवण्यात आले.

१९९५ च्या विश्वचषकासाठी युनियनने उत्तर आयर्लंडमधील डेरी शहराचे गीतकार फिल कूल्टर यांच्याकडून ‘आयर्लंड्स कॉल’ हे गीत लिहून घेतले. परदेशात आता केवळ तेच वाजते. डब्लिनमध्ये आधी तेथील राज्याचे ‘अउरान ना वीअन’ आणि मग ‘आयर्लंड्स कॉल’ अशी दोन गीते होतात. पहिल्या गीताच्या वेळी उत्तरेकडचे काही खेळाडू ओठ मिटून, पण ताठ उभे असतात. दुसरे सुरू होताच सगळी रांग गाऊ लागते. काव्य म्हणून त्या गीतावर टीका करणारे पुष्कळ आहेत, पण ती रांग पाहिल्यावर मला त्या टीकेत फारसे बळ वाटत नाही.

प्रश्न : ‘ब्रिटिश अँड आयरिश लायन्स’ या नावातही हाच प्रश्न आहे का?

उत्तर : होय, आणि तेथे नाव खरोखरच बदलले. इंग्लंड, स्कॉटलंड, वेल्स आणि आयर्लंड यांच्या निवडक खेळाडूंचा हा दौऱ्यावर जाणारा संघ दीर्घकाळ ‘ब्रिटिश लायन्स’ म्हणूनच ओळखला जात होता. १९७४ मध्ये तो दक्षिण आफ्रिकेत २२ सामन्यांत अपराजित राहिला, तेव्हा कर्णधार विली जॉन मॅकब्राइड अँट्रिम काउंटीचा, म्हणजे उत्तर आयर्लंडचा होता. पण चारही कसोटी सामन्यांत त्याच्याबरोबर खेळलेला फर्गस स्लॅटरी डब्लिनजवळचा होता, आणि त्याच्या राज्याने १९४९ मध्येच राष्ट्रकुलही सोडले होते. ‘ब्रिटिश’ या शब्दात स्लॅटरीला जागा नव्हती. ‘आणि आयरिश’ हे दोन शब्द अधिकृत नावात २००१ च्या दौऱ्यापासून आले.