लॅब्रॅडॉरचं पाच महिन्यांचं पिल्लू चपला, सोफा, चार्जरची वायर सगळं कुरतडतं. हे कधी थांबेल?

दातांची शिवशिव सहा-सात महिन्यांपर्यंत. दुधाचे २८ दात पडून पक्के ४२ येतात, तोवर हिरड्या शिवशिवतात. पण लॅबचा दांडगटपणा दोन-अडीच वर्षांचं होईपर्यंत पुरतो, तेवढी तयारी ठेवा.

सुती फडकं ओलं करून पिळा, गाठ मारून दोन तास फ्रीझरमध्ये ठेवा आणि तुमच्यासमोरच चावायला द्या. धागे सुटायला लागले की काढून घ्या. शिजवलेलं हाड मात्र नको, त्याच्या कपच्या आतड्यात रुततात. जुनी चपलही खेळायला देऊ नका. जुनी कुठली आणि नवी कुठली, हे त्याला काय कळणार?

तोंडात चप्पल दिसली की मागे धावू नका, त्याला तो पकडापकडीचा खेळ वाटतो. नाकासमोर उकडलेल्या चिकनचा तुकडा धरा, चप्पल सुटली की तो द्या. कुरतडल्यावर दोन तासांनी घरी येऊन ओरडण्यात अर्थ नाही. कशाबद्दल ओरडताय हे त्याला उमगत नाही.

संध्याकाळी घरभर उधळतं ते बऱ्याचदा झोप कमी पडल्यामुळे. या वयात दिवसाला सोळा-अठरा तास झोप लागते. अशा वेळी फिरवून आणखी दमवण्यापेक्षा शांत कोपऱ्यात जाळीच्या आड झोपवा. वायरी आजच उंचावर बांधा.