पीयूसीला गेलेली मुलगी रोज सकाळी पोट धरून बसते, कॉलेजला जात नाही. काय करावं?

ताई, तुमच्या प्रश्नातलं थोडक्यात असं: खानापूर तालुक्यातलं गाव, मुलगी मराठी माध्यमातून चांगल्या मार्कांनी दहावी झाली, जूनपासून बेळगावात पीयूसी (अकरावी-बारावी) सायन्सला आहे. सुरुवातीला गेली. मग रोज सकाळी पोटात कळ आणि मळमळ सुरू झाली, आणि आता तीन आठवडे कॉलेज बंद. सोनोग्राफीत काही निघालं नाही. वडील म्हणतात नाटकं करते, सासूबाई म्हणतात बाहेरचं काहीतरी लागलंय.

पोट खरंच दुखतं. माणूस घाबरला की शरीर ॲड्रेनलिन सोडतं, जठराचं काम मंदावतं आणि मोठं आतडं जोरात चालू लागतं. त्यातून मळमळ, कळ, चारदा शौचाला धाव. अवयव धड असतो, चाल बिघडलेली असते, आणि ती सोनोग्राफीत दिसत नाही. त्यामुळे 'काही नाही' असा रिपोर्ट आला याचा अर्थ पोरगी खोटं बोलते असा लावू नका.

पक्कं करायला भिंतीवरच्या कॅलेंडरवर दोन आठवडे रोजच्या दुखण्याची वेळ लिहा. रविवारी दुखत नसेल, सोमवारी सगळ्यात जास्त, आणि बस निघून गेल्यावर तासाभरात उतरत असेल, तर हे भीतीचं दुखणं. उलट रात्री झोपेतून उठवणारी कळ, उतरणारं वजन, शौचातून रक्त, ताप, किंवा बेंबीपासून लांब एकाच जागी दुखणं, यातलं काहीही असेल तर परत पोटाच्या डॉक्टरांकडे. हिमोग्लोबिन आणि थायरॉइड एकदा तपासून घ्याच. यात बिघाड असला तर होणारी धडधड भीतीसारखीच वाटते.

आता ते वाढत का गेलं? सकाळी पोट दुखलं, तुम्ही म्हणालात 'राहू दे आजचा दिवस', आणि तिला लगेच बरं वाटलं. ते बरं वाटणंच घात करतं. घरी राहिलं की सुटका होते, हे मेंदू पहिल्याच दिवशी शिकतो आणि दुसऱ्या दिवशी आणखी जोरात दुखवतो. शिवाय रोज चार लेक्चर बुडतात, म्हणजे घाबरायला खरं कारणही तयार होतं. ओरडून, ओढून बसमध्ये बसवलं तर दोन दिवस जाते, तिसऱ्या दिवशी वर्गात उलटी होते आणि मग त्या वर्गाचीच धास्ती बसते. म्हणून वडिलांचा मार्ग चालत नाही, आणि तुमचाही नाही. जायचं रोज, पण थोडं थोडं.

त्याआधी एक गोष्ट बघायची. तिथे काही घडलंय का? बसस्टँडवर कोणी मागे लागतं का, वर्गात इंग्रजी वाचताना पोरं हसली का, फोनवर कोणी फोटोवरून धमकावतं का, पाळीच्या दिवसांत तिथल्या टॉयलेटची अडचण आहे का. समोर बसवून चौकशी केली तर 'काही नाही' एवढंच उत्तर मिळेल. मेथी निवडताना विचारा, दोघींचे हात कामात, नजर भाजीत. 'कॉलेजात सगळ्यात नकोसं काय वाटतं गं?' एवढंच विचारून गप्प बसा. ती बोलेपर्यंत दहा मिनिटं गेली तरी मधे शब्द टाकू नका. छेडछाडीचं काही निघालं तर पुढच्या पायऱ्या थांबवा आणि आधी त्याचा बंदोबस्त करा. तिथे भीती खरी आहे, सवय करून घ्यायची नाही.

तसं काही नसेल तर पायऱ्या आखा. तिलाच वही द्या आणि प्रत्येक गोष्टीला शून्य ते दहा भीतीचे मार्क द्यायला सांगा. साधारण असं निघतं: रविवारी आईबरोबर गेटपर्यंत जाऊन येणं, 3. सकाळच्या बसने सीबीटीला (बेळगावच्या मुख्य बसस्टँडवर) उतरून गेटपर्यंत जाणं, 4. लायब्ररीत अर्धा तास, 5. सगळ्यात कमी भीतीच्या विषयाचं एक लेक्चर, 6. जेवणाच्या सुट्टीपर्यंत, 7. प्रॅक्टिकल, 8. पूर्ण दिवस मैत्रिणीबरोबर, 9. तीन-चारच्या पायरीपासून सुरू करा. एक पायरी कंटाळवाणी होईपर्यंत रोज करायची, मग पुढची. बसभाड्याची चिंता नको. शक्ती योजनेत कर्नाटकातल्या बायका-मुलींना राज्याच्या साध्या बसमध्ये तिकीट नाही, आधार कार्डावर इथला पत्ता हवा. तुम्हीही पहिला आठवडा बरोबर जाऊ शकता.

सगळ्यात महत्त्वाचा नियम हा: भीती टोकाला असताना तिथून निघायचं नाही. ती बहुतेक वेळा अर्ध्या-पाऊण तासात आपोआप उतरते. उतरल्यावर निघालं की मेंदू शिकतो, 'थांबलो तरी काही झालं नाही.' टोकाला असताना निघालं की आधीची सगळी मेहनत पाण्यात. अकरा वाजता 'आई, न्यायला ये' असा फोन येईल, हे धरूनच चाला. उत्तर आधी ठरवून ठेवा: 'दहा मिनिटं लायब्ररीत बस, परत वर्गात जा, एक वाजता बोलूया.' बाबांनी परस्पर गाडी घेऊन जायचं नाही, हेही आधीच ठरवा. बहुतेक घरांत घसरतं ते इथेच.

कॉलेजातही बोलावं लागेल. क्लास टीचरना भेटून दोनच सवलती मागा. पहिले दोन आठवडे तिला उभं करून इंग्रजी वाचायला लावू नका, आणि फार घाबरली तर दहा मिनिटं लायब्ररीत जाऊ द्या. घरी पाठवण्याची सवलत मागू नका. हजेरी 75 टक्के लागते, म्हणून डॉक्टरांची चिठ्ठी आजच देऊन ठेवा, मार्चमध्ये धावाधाव नको.

सकाळची वेळ. उठवणं रोज एकाच वेळी, घरी राहिली त्या दिवशीही. रिकाम्या पोटी चहा देऊ नका, मळमळ वाढते. भाकरीचा आग्रहही नको. अर्धा पेला नाचणीची आंबील पुरे, उरलेलं डब्यात. 'जाणार का आज?' असा प्रश्न विचारायचाच नाही, कारण त्याचं उत्तर 'नाही' असणार. म्हणायचं, 'पोट दुखतंय होय? माहीत आहे, खरंच दुखतंय. गरम पाणी घे, सातची बस आहे बघ.' एकदाच, आणि आपल्या कामाला लागायचं. उंबऱ्यावर पंधरा मिनिटं समजूत काढणं म्हणजे भीतीला पंधरा मिनिटं जास्त देणं. नाहीच गेली तर शिक्षा नाही, पण एक वाजेपर्यंत फोन आणि टीव्हीही नाही. पुस्तकं घेऊन टेबलाशी बसायचं. घरचा दिवस मजेचा झाला तर कॉलेजला कोण जाईल?

श्वासाचा उपाय सांगणारे पुष्कळ आहेत, चुकीचा सांगणारे त्याहून जास्त. जोरजोरात खोल श्वास घेतले की रक्तातला कार्बन डायऑक्साइड कमी होतो, हाताला मुंग्या येतात, चक्कर येते आणि पोरगी आणखी घाबरते. नाकाने चार मोजेपर्यंत हळू आत, सहा मोजेपर्यंत बाहेर, एवढंच, पाच मिनिटं. आधी दोन आठवडे संध्याकाळी शांत असताना सराव, मग बसमध्ये.

अभ्यासाचं भय वेगळं हाताळा. दहावीपर्यंत जे मराठीत पक्कं होतं ते एकदम इंग्रजीत आलं, हुशारी कुठे गेली नाही. कर्नाटकात पीयू सायन्सला एनसीईआरटीची पुस्तकं आहेत, आणि तीच पुस्तकं हिंदीत एनसीईआरटीच्या वेबसाइटवर फुकट मिळतात. त्वरण, विस्थापन, जडत्व, प्रकाशसंश्लेषण हे शब्द तिथेही तेच. धडा आधी हिंदीत वाचायचा, मग इंग्रजीत, आणि रोज आठ-दहा शब्द वहीत समोरासमोर. सायन्स सोडून कॉमर्सला जायचं का, हा निर्णय आत्ता घेऊ नका. निदान तीन आठवडे नियमित गेल्यावर घ्या. घाबरून शाखा बदलली तर भीती नव्या वर्गातही येते.

सासूबाईंना सौंदत्तीच्या यल्लम्माला नवस बोलायचा असेल तर बोलू दे, जाणं रविवारी ठेवा. पण 'हिला लागलंय' हे मुलीच्या कानावर पडू देऊ नका. भीतीला बाहेरचं कारण मिळालं की ती स्वतः काही करायचं सोडते.

तीन आठवड्यांत पायरी सरकली नाही तर मानसोपचारतज्ज्ञांना दाखवा. खरं तर तीन आठवडे कॉलेज आधीच बुडालंय, आत्ताच नंबर लावून ठेवलात तर उत्तम. बेळगावात जिल्हा रुग्णालयात, म्हणजे बिम्समध्ये, विभाग आहे. नेहरूनगरच्या केएलई हॉस्पिटलमध्ये आहे. धारवाडची डिमहॅन्स ही मानसिक आजारांची संस्था सुमारे 75 किलोमीटरवर. केस पेपर काढतानाच मराठी बोलणारे डॉक्टर मागा. मनातलं मोडक्या कन्नडात किंवा इंग्रजीत सांगता येत नाही. डॉक्टरांना तिच्याशी थोडा वेळ एकटं बोलू द्या. घरून फोन करायचा तर टेलिमानस ही मानसिक आरोग्याची सरकारी हेल्पलाइन, 14416, फुकट, चोवीस तास, मराठीतही. औषध दिलंच तर बहुधा एसएसआरआय या भीती-नैराश्यावरच्या औषधांच्या गटातलं असतं. त्याचा गुण दिसायला तीन-चार आठवडे लागतात, पहिल्या दोन आठवड्यांत बेचैनी वाढते का ते बघावं, आणि बरं वाटलं म्हणून मनाने बंद करू नये. मेडिकलवाल्याकडून चिठ्ठीशिवाय अल्प्राझोलाम ही भीती दाबणारी गोळी आणून देणारे नातेवाईक प्रत्येक घरात असतात. त्यांना नाही म्हणा, त्या गोळीची सवय लागते.

एका बाबतीत वाट बघायची नाही. 'मी नसलेलीच बरी' असं बोलली, हातावर कापल्याच्या खुणा दिसल्या, आवडीच्या वस्तू वाटून टाकू लागली, तर त्याच दिवशी दवाखाना. 'मरावंसं वाटतं का?' असं सरळ विचारा. विचारल्याने कल्पना डोक्यात शिरत नाही, उलट बोलायला वाट मिळते. आणि गोठ्यातली, माळ्यावरची शेतीची औषधं आजच कुलपात घाला, किल्ली तुमच्या कमरेला.

सगळं सुरळीत झालं तरी दसऱ्याच्या सुट्टीनंतर पहिल्या सोमवारी पोट परत दुखेल. सुट्टी संपायच्या दोन दिवस आधी सकाळची बस धरून गेटपर्यंत एक फेरी मारा, आणि पहिल्या दिवशी शक्यतो पूर्ण वेळ बसू द्या.