गाडीचा पत्रा, विमानाचा पत्रा

प्रश्न : दादा, मी कुर्ल्याच्या गॅरेजात गाड्यांना स्प्रे मारतो. आयटीआयचा पेंटर ट्रेड झालाय. सांताक्रूझच्या एका हँगरमधून विमानं रंगवायच्या कामाला बोलावणं आलंय. जमेल का मला? आई म्हणते, त्या रंगाने छाती जाते. खरं आहे का?
– एक वाचक, कुर्ला

उत्तर : गनवर हात बसलाय ना, मग जमेल. पण गॅरेजातल्या काही सवयी सोडाव्या लागतील. तिथे पोचा दिसला की आपण लांबी (पुट्टी) भरतो, घासतो आणि रंग मारून मोकळे होतो. विमानावर पोचा दिसला की हात थांबवायचा आणि इंजिनिअरला बोलवायचं. त्याचं काय करायचं ते तो मॅन्युअल बघून ठरवेल. जुना रंग किंवा सीलंट (सांधे बुजवायचा मसाला) खरवडायला लोखंडी पट्टी, कटर अजिबात नाही, प्लास्टिकचीच पट्टी. दर उड्डाणात केबिनचा पत्रा आतल्या हवेने ताणला जातो, उतरल्यावर सैल पडतो. बारीकसा ओरखडा राहिला, तर वर्षांनी तिथूनच चीर जाते, आणि वर नवा रंग असल्यामुळे ती दिसतही नाही.

रंग लागू नये म्हणून झाकायला लावतो त्या टेपचंही तसंच. १९९६ साली पेरूमध्ये एक बोइंग ७५७ साफ करताना हवेचा दाब मोजणाऱ्या छिद्रांवर लावलेली टेप काढायची राहिली. रात्रीच्या अंधारात वैमानिकांना उंची आणि वेग चुकीचे दिसत राहिले. विमान समुद्रात कोसळलं, ७० माणसं गेली. म्हणून टेप लावताना लिहून ठेवायची, काढताना लिहिलेलं बघून काढायची, आणि दुसऱ्याकडून तपासून घ्यायची.

आता छातीचं. आईंचं म्हणणं खरं आहे. विमानाच्या बऱ्याच प्रायमरमध्ये, म्हणजे रंगाखालच्या पहिल्या थरात, क्रोमेट नावाचं रसायन असतं, त्याने फुप्फुसाचा कॅन्सर होऊ शकतो. जुना रंग घासताना उडणाऱ्या धुळीतही ते असतं. वरच्या पॉलीयुरेथेन रंगाच्या हार्डनरमध्ये, म्हणजे रंग कडक करायला मिसळतात त्यात, आयसोसायनेट नावाचं रसायन असतं, त्याने दमा लागतो. तोंडाला रुमाल बांधून हे काम करायचंच नाही. पगाराचं नंतर बोला, आधी विचारा : स्प्रे मारताना मास्कला बाहेरून नळीने स्वच्छ हवा मिळते का? बूथमधली (स्प्रे मारायच्या खोलीतली) हवा ओढून घेणारे पंखे चालू असतात का? कामावर घेताना आणि नंतर दरवर्षी फुप्फुसाची तपासणी होते का? नळीची हवा नाही म्हणाले, तर तिथे जाऊ नका. दाढी असेल तर काढावी लागेल, नाहीतर घट्ट मास्कही चेहऱ्याला नीट बसत नाही.

आणि रंगाच्या दिवशी रात्री खोकला किंवा घरघर सुरू झाली, तर धूळ लागली असेल म्हणून सोडून देऊ नका. लगेच डॉक्टरकडे जा आणि आयसोसायनेटचं काम करतो हे स्वतःहून सांगा. एकदा त्याची ॲलर्जी बसली की थोड्याशा वासानेही दम लागतो, मग त्या रंगाजवळ पुन्हा जाता येत नाही.