जुना रेकॉर्ड प्लेयर हळू फिरतो, मोटर बदलावी का?

वडिलांचा प्लेयर वीसेक वर्षं माळ्यावर पडून होता, आता एलपी लावली की गाणं उतरलेलं वाजतं, मधेच सूर हलतो आणि दुरुस्तीवाला मोटरच बदला म्हणतोय, असं तुम्ही लिहिलंय. एवढ्यात मोटर काढू देऊ नका. मी बरेच जुने प्लेयर उघडलेत, मोटर खरंच गेलेली क्वचितच निघाली.

आधी वेग मोजा. प्लॅटरच्या, म्हणजे रेकॉर्ड ठेवतो त्या फिरत्या तबकडीच्या, कडेला पांढऱ्या चिकटपट्टीचा तुकडा लावा, पिन रेकॉर्डवर टेकवा आणि शंभर फेरे मोजा. मिनिटाला ३३⅓ फेरे या एलपीच्या वेगाला बरोबर ३ मिनिटं लागायला हवीत. पिन टेकवूनच मोजायचं, तिच्याही ओढीने वेग पडतो.

एकदा सुरू केल्याकेल्या मोजा, एकदा अर्ध्या तासाने. आधी ३ मिनिटं १२ सेकंद आणि नंतर ३ मिनिटं ४ सेकंद, असं काहीसं आलं तर बहुधा ग्रीस घट्ट झालंय, ऊब लागली की सैल पडतं. दोन्ही वेळा ३ मिनिटं ३६ सेकंदांच्या आसपास आलं तर प्लेयर कुणी अमेरिकेहून आणला होता का, हे घरात विचारा. तिकडची वीज ६० हर्ट्झची (म्हणजे सेकंदाला ६० आवर्तनांची), आपली ५० ची, आणि या मोटरींचा वेग त्या हर्ट्झवरच ठरतो. मग काळी पाचमध्ये गाणारी गायिका पांढरी पाचमध्ये, म्हणजे बरीच खालच्या सुरात, ऐकू येते. नुसता ट्रान्सफॉर्मर लावून हे सुटत नाही, मोटरच्या दांड्यावरची पुली (छोटी चकती) ५० हर्ट्झची बसवावी लागते.

आमच्या घरच्या प्लेयरचं प्लॅटर उचललं तेव्हा खालच्या दांड्यावर वाळलेल्या डिंकासारखा पिवळट थर होता. टूथपिक लावली की पापुद्रे निघायचे. आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये कापूस भिजवून तो पुसून काढला आणि शिलाई मशीनच्या तेलाचे दोनच थेंब सोडले. आधी हाताने फिरवलेलं प्लॅटर दोन फेऱ्यांत थांबायचं, नंतर ते कितीतरी वेळ फिरत राहिलं. आईने स्वयंपाकघरातून येऊन पाहिलं होतं, अजून आठवतं.

सूर हलतो त्याचं कारण बहुतेक रबरात असतं. मोटर आणि प्लॅटरच्या मधे रबरी चाक असेल तर त्याच्या कडेवरून हळूच बोट फिरवा. वर्षानुवर्षं एकाच जागी पुलीवर दाबून राहिलं की तिथे खळगा पडतो. कडा गुळगुळीत, चकचकीत झाली असेल तर अल्कोहोलने पुसून बारीक पॉलिश पेपर हलकेच फिरवा. खळगा खोल असेल तर चाकच नवं घ्या. बेल्ट असेल आणि तो ताणून सैल पडला असेल तर सरळ बदला, धुऊन-उकळून केलेली मलमपट्टी टिकत नाही. मात्र सूर दर फेरीला एकदाच, म्हणजे १.८ सेकंदांनी हलत असेल, तर आधी दुसरी रेकॉर्ड लावून बघा. भोक मध्यावर नसलेल्या एलपी पुष्कळ असतात.

प्लग काढल्याशिवाय खालचं झाकण उघडू नका, आत २३० व्होल्ट आहेत. आणि तेल घालताना रबरावर थेंबही उडू देऊ नका, नाहीतर चाक घसरायला लागेल आणि मोजणी पुन्हा पहिल्यापासून करावी लागेल.