आईचा 1990 च्या दशकातला कॅनडाचा लँडिंग पेपर हरवलाय, ओल्ड एज सिक्युरिटीसाठी (65 नंतरच्या तिथल्या सरकारी पेन्शनसाठी) अर्ज करताना काय करायचं?

तुमच्या आईंनी तिथे नोकरी केली होती का ते तुम्ही लिहिलेलं नाही आणि सगळं तिथेच अडतं. वडिलांचा पेपर हरवला असता तर टी-फोर म्हणजे पगाराची टॅक्सची स्लिप, भाड्याचं लीज, हायड्रोचं म्हणजे विजेचं बिल, काहीतरी सापडलंच असतं, पण आम्ही घर सांभाळणाऱ्या बायका, आमच्या नावावर काय असतं?

आम्ही ऑगस्ट 1997 मध्ये टोरांटोला उतरलो. माझा आयएमएम 1000, म्हणजे तोच लँडिंग पेपर, पासपोर्टात स्टेपल केलेला होता आणि घरातले सगळे कागद ह्यांच्या निळ्या फाइलीत. 2009 ला घर बदलताना मी दोनदा म्हटलं की माझे कागद माझ्याकडे द्या, तर म्हणे आपण आता सिटिझन झालो, तो जुना पेपर कोण विचारतंय, आणि जुन्या पासपोर्टांसकट फाइल फेकून दिली. मला 65 होताना विचारलाच ना! सिटिझनशिपचं सर्टिफिकेट तुम्ही नागरिक आहात एवढंच सांगतं, इथे राहायला कधी आलात ते सांगत नाही, आणि पेन्शन तर वर्षं मोजून देतात. वयाच्या 18 नंतर 40 वर्षं राहिलात तर पूर्ण, नाहीतर जितकी वर्षं तितके चाळिसावे भाग, निदान 10 तरी हवीत. माझी 24 होती, त्यातलं एक जरी धरलं नाही तरी ते आयुष्यभर कमीच.

मूळ पेपर परत मिळत नाही, हे आधी डोक्यातून काढा. त्याऐवजी इमिग्रेशन खात्याकडून व्हेरिफिकेशन ऑफ स्टेटस, म्हणजे तुम्ही कधी उतरलात त्याचा दाखला, मागवायचं, फॉर्म आयएमएम 5009, मी भरले तेव्हा 30 डॉलर. नाव मात्र उतरतानाचं, त्याच स्पेलिंगने लिहा. आपल्याकडे पासपोर्टात बायकोच्या नावाला नवऱ्याचं नाव चिकटलेलं असतं, मी सिटिझन होताना ते काढलं होतं आणि फॉर्मवर आत्ताचंच नाव लिहून बसले, मग सगळं पुन्हा करावं लागलं. तोवर मी मुलीच्या शाळेचा 1997 चा ॲडमिशन फॉर्म शोधून काढला, त्यावर पालक म्हणून माझी सही होती. माझ्या सहीचा, तारखेसकट तेवढा एकच कागद घरात निघाला.

आणि हो, पेपर येईपर्यंत पेन्शनचा अर्ज थांबवू नका, आधी अर्ज टाका आणि कागद मागून पाठवा, कारण मागचे पैसे जास्तीत जास्त 11 महिन्यांचेच देतात. दुसऱ्या कुणाच्या आई जून 2002 नंतर आल्या असतील तर कागद वेगळा असतो, फॉर्म भरताना ते बघून घ्या. मी काही वकील नाही, माझ्यावर आलं ते सांगतेय.

व्हेरिफिकेशन आलं की आईंच्याच हातात द्या, वडिलांच्या फाइलीत नको. आमचे हे अजून म्हणतात, मिळालं ना शेवटी. मिळालं, पण तो अख्खा हिवाळा बर्फातून रोज टपालपेटी उघडायला मी जात होते.