चांद्रयान-३ चा अभिमान वाटण्यासारखं नेमकं काय आहे? उतरलं, एवढंच ना?

उतरणं मोठंच, पण माझ्या मते खरा अभिमान मधल्या चार वर्षांचा. सप्टेंबर २०१९ मध्ये चांद्रयान-२ चा विक्रम लँडर चंद्रावर उतरताना कोसळला. इंजिनांचा जोर अपेक्षेपेक्षा जास्त पडला आणि चुका साचत गेल्या. त्या सुधारायला यानाला वेगाने वळायचं होतं, पण वळण्याच्या गतीवर सॉफ्टवेअरची मर्यादा होती. त्यात उतरायची जागा जेमतेम ५०० बाय ५०० मीटर.

इस्रोने हे कारण जाहीरपणे मांडलं आणि 'काय काय बिघडू शकतं' हे धरूनच नवा लँडर घडवला. जागा ४ बाय २.४ किलोमीटर केली, इंधन वाढवलं, पाय मजबूत केले. पाचवं, मधलं इंजिन काढून टाकलं. वेग थेट मोजणारं लेसर उपकरण बसवलं. ही भर मला सर्वांत महत्त्वाची वाटते. २३ ऑगस्ट २०२३ ला यान चंद्राच्या दक्षिण ध्रुवाजवळ अलगद टेकलं, तिथे आधी कोणताही देश असा उतरला नव्हता.

अपयश न लपवता त्याची कारणं शोधणारे इतके अभियंते आपल्याकडे आहेत, म्हणून पुढच्या मोहिमांबद्दल मला भरवसा वाटतो.